पेनड्राइव्हची झाडलोट

४ जानेवारी, रविवार

आज नाटकाचा मुहूर्त झाला. मानपाड्याच्या शाळेने यंदा तालमीला सातवी-ब चा वर्ग दिला आहे, संध्याकाळी सात ते नऊ. मुलांच्या बाकांवर नटराजाची मूर्ती ठेवून सलिलने नारळ फोडला. चौथ्या फटक्याला फुटला आणि पाणी सगळं ऋतुराजच्या नव्या बुटांवर गेलं.

सलिल आमच्या ‘आडपडदा’ या हौशी संस्थेचा दिग्दर्शक. यंदा तोच लेखकही आहे, त्यामुळे संहितेत काही चुकलं असं म्हणायची सोय राहिलेली नाही. नाटकाचं नाव ‘पायलिंग’. पुनर्विकासाला निघालेल्या इमारतीत अण्णा एकटेच उरलेत, घर सोडत नाहीत; मुलगा समजूत घालायला येतो; शेजारी नव्या इमारतीच्या पायासाठी पायलिंगचं मशीन धडधडत राहतं. अण्णा म्हणजे आमचे कळव्याचे सहदेवकाका, वय एकाहत्तर, टेलिफोन खात्यातून लाइनमन म्हणून निवृत्त. मुलगा म्हणजे ऋतुराज, जो मूळचा व्यायामशाळेतला आहे आणि बापावर रागवताना दंड फुगवतो.

नाटकात एकोणीस आवाज आहेत. ते माझ्याकडे. दिवसभर मी एमआयडीसीत रंगांच्या कारखान्याच्या लॅबमध्ये नमुने तपासते आणि संध्याकाळी कुकरच्या शिट्ट्या वाजवते. बी.एस्सी. होताना असं काही डोक्यात नव्हतं.

पूजेत संस्थेचा आवाजांचा पेनड्राइव्हही ठेवला होता. सलिलने त्याच्यावर चिमूटभर हळद आणि चिमूटभर कुंकू सोडलं ते नेमकं धातूच्या तोंडात.

‘अरे, आत जाईल ते!’

‘विनिताताई, देवाचं आहे. देव काही शॉर्टसर्किट करत नाही.’

मी रुमालाने पुसलं. पुरेसं पुसलं का, हा विचार घरी येईपर्यंत डोक्यात होता.

९ जानेवारी, शुक्रवार

पेनड्राइव्ह बरा नाही. आमच्या चाकांच्या स्पीकरला लावला की पहिल्यांदा ओळखच देत नाही. काढून परत लावला, तिसऱ्यांदा घेतला. माझ्या बोटांना लाल लागलं, ते ओढणीला लागलं.

शिवाय आवाज क्रमांक चार, फोनची बेल, मध्येच अडखळते. स्टॉपवॉच लावून नोंद घेतली: चार सेकंद दोन दशांशाला, तिसऱ्या ट्रिंगनंतर आठ दशांश सेकंद शांतता, मग अर्धंच ट्रिंग, मग पूर्ववत. दहा वेळा वाजवली. दहाही वेळा तिथेच.

सहदेवकाका मात्र खूश. बेल वाजताना ते मांडीवर बोटाने ताल धरतात, अडखळली की मान हलवतात, आणि रिसीव्हर उचलून जे बोलतात त्याने अंगावर काटा येतो. ‘नाही विकायचं मला. मी इथेच आहे. तुम्ही सावकाश या.’ तीनच वाक्यं. सलिलने लिहिलीत यावर विश्वास बसत नाही.

काकांची एक खोड आहे. आवाजाशिवाय ते तालीम करत नाहीत. ‘रिकामं बोलायला मी काय वेडा आहे?’ म्हणतात. मला तर हा ध्वनीविभागाचा सन्मान वाटला. सहा वर्षांत पहिला.

मंजुळाकाकू रोज त्यांच्याबरोबर येतात आणि शेवटच्या बाकावर क्रोशाचं विणत बसतात. नवऱ्यावर इतकी पाळत? या वयात?

आजची आणखी एक नोंद: दुसऱ्या अंकातल्या बापलेकाच्या शांत प्रसंगात, बरोबर पावणेनऊला, शाळेचा वॉचमन फाटकाची साखळी आपटतो. म्हणजे ‘आटपा आता’. सलिल रोज खिडकीतून ओरडतो, वॉचमन रोज आपटतो. आम्ही सात वाजता सुरू करतो आणि तोही घड्याळाला पक्का आहे.

१२ जानेवारी, सोमवार

कारण सापडलं. पेनड्राइव्ह लॅपटॉपला लावून तपासला: एकतीस टक्के तुकडे झालेत. फायली सलग नाहीत, एक तुकडा इथे, दुसरा तिथे. होणारच. बारा वर्षं या एका पेनड्राइव्हवर लोकांनी काय काय टाकलंय! ऋतुराजची व्यायामाची गाणी, सलिलच्या भाच्याचं बारसं, कुठल्या तरी सोसायटीच्या सत्यनारायणाचं आमंत्रण.

यावर उपाय डीफ्रॅग. सगळे तुकडे उचलून सलग मांडायचे. मी कृतिकाला सांगितलं. ती इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि माझी एकुलती एक असल्यामुळे माझ्याशी तुच्छतेने बोलण्याचा पूर्ण हक्क तिच्याकडेच आहे.

‘आई, पेनड्राइव्ह डीफ्रॅग नाही करत.’

‘का?’

‘जुन्या हार्डडिस्कमध्ये तबकडी फिरते. तुकडे लांब लांब असले की वाचणाऱ्या सुईची धावपळ होते, म्हणून ते जवळ आणायचे. पेनड्राइव्हमध्ये पळणारं कोणीच नाहीये. तुकडा कुठेही असू दे, सारखाच वेळ लागतो. उलट सगळं उचलून परत लिहिलं की तो झिजतो. किती वेळा लिहिता येईल याला लिमिट असतं. तू त्याला साफ नाही करणार, म्हातारा करणार.’

‘पण एकतीस टक्के आहे गं!’

‘तुला टक्के दिसले की काहीतरी करावंसं वाटतं. मी बारावीपासून भोगलंय ते.’

मग म्हणाली, बेल दर वेळी त्याच जागी अडखळत असेल तर दोष रेकॉर्डिंगमध्येच असणार, पेनड्राइव्हचा संबंध नाही. हे तर्काला धरून आहे. पण मुलगी वीस वर्षांची आहे आणि स्वतःचं कपाट आवरत नाही. कपाट न आवरणाऱ्याने झाडलोटीवर दिलेलं मत मी कितपत धरावं?

हा मुद्दा अन्यायाचा आहे हे लिहिताना कळतंय. तरी खोडत नाही.

१४ जानेवारी, बुधवार

तिळगूळ वाटून झाल्यावर मी प्रश्न सर्वांसमोर मांडला: डीफ्रॅग करावं की नाही.

सलिल म्हणाला, ‘करा ना! माझा जुना कॉम्प्युटर केल्यावर नुसता पळायचा.’ ऋतुराज म्हणाला, त्याची गाणी उडणार नसतील तर त्याचा पाठिंबा.

सहदेवकाकांनी तोंडातला लाडू अर्धा काढून हातात घेतला. ‘हात लावायचा नाही त्याला.’

‘अहो काका, बेल अडखळते...’

‘अडखळू दे! च्यायला, चाळीस वर्षं लोकांचे फोन दुरुस्त केले मी. जे चालतंय ते उघडायचं नाही, हा पहिला नियम. समजलं, संचिता?’

‘विनिता.’

‘तेच ते.’

सगळे हसले. संचिता म्हणजे माझ्या आधी ध्वनी सांभाळणारी. लग्न करून गेली त्याला सहा वर्षं झाली. काकांना माझी फिरकी घ्यायला आवडतं. काकू मात्र हसल्या नाहीत. एकंदर त्यांना विनोद कमी कळतो.

निघताना सलिलने मला फाटकापाशी थांबवलं. ‘काका अलीकडे जड वाटतात ना? पाठांतर कच्चं आहे की काय? बावीस फेब्रुवारीला ठाण्यात स्पर्धा आहे. एकदा जरी अडकले ना, तर अण्णा मी करणार. माझं पाठ आहे.’

पाठ असणारच, लिहिलंय त्यानेच. बत्तीस वर्षांचा अण्णा! पण हे मी मनात म्हटलं. समोर ‘बघू’ म्हटलं. हा भित्रेपणा होता की मुत्सद्देगिरी, ठरवता आलं नाही.

२१ जानेवारी, बुधवार

पेनड्राइव्ह विसरले. मी! सहा वर्षांत प्रथमच. लॅबच्या कोटाच्या खिशात राहिला.

सलिल म्हणाला, आज आवाजाशिवाय करू. काकांचा घसा लगेच बसला. इतका की एक शब्द फुटेना. काकूंनी थर्मासमधून गरम पाणी दिलं आणि दोघं साडेसातलाच निघून गेले. जाताना फाटकाबाहेर काका रिक्षावाल्याला खणखणीत आवाजात शिव्या घालत होते, तेव्हा घसा बराच मोकळा झालेला दिसला.

नट मंडळी लहरी असतात हे मान्य. पण काकांनी माझ्या विसरण्याची शिक्षा अशी द्यावी?

२५ जानेवारी, रविवार

केलं.

दोन आठवडे माझ्यात दोन पक्ष भांडत होते. एक म्हणत होता, जाणकाराने नको म्हटलंय. दुसरा म्हणत होता, एकतीस टक्के. आज सकाळी चहा घेऊन बसले आणि रीतसर सुरुवात केली. आधी इतर अठरा आवाजांची प्रत लॅपटॉपवर ठेवली. मग बारसं, सत्यनारायण, व्यायामाची गाणी पुसली. मग बेल. इंटरनेटवरून एक स्वच्छ, ठणठणीत बेल उतरवली, तिलाच क्रमांक चार दिला आणि जुनी पुसून टाकली. तिची प्रत ठेवली नाही. लॅबमध्ये नियम आहे: नाकारलेला नमुना आणि पास नमुना एका कपाटात राहता कामा नये; कधीतरी कोणीतरी चुकीचा उचलतो.

मग डीफ्रॅग. पडद्यावर लाल चौकोन एकेक करून निळे होत होते. चाळीस मिनिटं मी नुसती बघत बसले. खरं सांगायचं तर मला फार बरं वाटलं. शेवटी शून्य टक्के.

संध्याकाळी लावून पाहिला. स्पीकरने तिसऱ्या खेपेलाच ओळखला. पण मनाला जरा चपळ वाटला.

२७ जानेवारी, मंगळवार

लिहायलाही नको वाटतंय.

पहिल्या अंकाच्या शेवटी क्रमांक चार वाजवला. सुंदर बेल. सलिलने मला अंगठा दाखवला. काका मांडीवर ताल धरून होते. बेल वाजत राहिली, काका बसून राहिले. बेल संपली. मी परत वाजवली. काकांनी रिसीव्हर उचलला, कानाला लावला आणि ‘हॅलो’ म्हणाले. मग परत ‘हॅलो’. मी मोजले, अकरा हॅलो. ऋतुराजला वाटलं काही नवीन प्रयोग आहे, तो टाळ्या वाजवायला लागला.

मग काकांनी रिसीव्हर आदळला आणि माझ्याकडे वळले. ‘काय केलंस?’

‘बेल नीट केली, काका.’

‘या बेलमध्ये माझं वाक्य नाहीये.’

वाक्य बेलमध्ये कसं असेल? मी तसं म्हटलंही. त्यावर जे बोलले ते इथे लिहीत नाही. त्यातला एक शब्द मला कळलाही नाही, ऋतुराजने समजावून सांगितला.

सलिलने हातातली संहिता मिटली. ‘काका, आठ तारखेपर्यंत बघू. नाहीतर मी उभा राहतो.’ काका उठले. चपला घालताना उजवी डाव्या पायात घातली, तशीच घालून गेले.

आडमुठेपणा आहे, दुसरं काय! पण चपलांचं राहून राहून आठवतंय.

२९ जानेवारी, गुरुवार

आज रजेवर होते. दुपारी मंजुळाकाकू घरी आल्या. एकट्या, कळव्याहून, पत्ता विचारत विचारत. मी पोहे टाकते म्हटलं तर ‘बस आधी’ म्हणाल्या आणि पिशवीतून काकांची संहिता काढली.

प्रत्येक भाषणाच्या शेजारी काकूंच्या अक्षरात एक आवाज लिहिलेला. ‘कुकर, दुसरी शिट्टी: डाळ कोणी लावली?’ ‘दाराची बेल: उघडंच आहे, या.’ ‘फोन, अडखळला की: नाही विकायचं मला.’ पानापानावर असंच.

‘दोन वर्षं झाली,’ काकू म्हणाल्या. ‘औषध चालू आहे. सकाळी काय खाल्लं विचारलं तर चिडतात. पण आवाज कानावर पडला की पुढचं येतं. खात्यात आयुष्य घंटा ऐकण्यात गेलं, तेवढंच शाबूत राहिलंय. मी रोज घरी ताट वाजवून, शिट्टी मारून पाठ करून घेते. शिट्टी मारायला शिकले बघ मी, अडुसष्टाव्या वर्षी.’

आणि शिट्टी मारून दाखवली. आतल्या खोलीतून कृतिका बाहेर आली.

ती जुनी बेल काकांच्या घरच्या काळ्या फोनची होती. संचिताने तिथे जाऊन रेकॉर्ड केलेली. त्या फोनचा ठोका तिसऱ्या ट्रिंगनंतर अडकायचा; काकांनी उभ्या कळव्याचे फोन दुरुस्त केले, स्वतःचा तेवढा केला नाही. फोन भंगारात गेला. बेल पेनड्राइव्हवर उरली होती.

‘सलिलला सांगू नकोस,’ काकू म्हणाल्या. ‘डॉक्टरांचं नाव ऐकलं की लोक माणसाशी लहान मुलासारखं बोलायला लागतात. यांना एवढं एक काम शेवटपर्यंत करू दे. नंतर मीच बंद करीन. तू फक्त ती बेल परत लाव.’

मी ‘हो’ म्हटलं. बेल कुठे आहे हे सांगायची हिंमत झाली नाही.

म्हणजे घसा बसला नव्हता. फिरकीही नव्हती. आणि पाळत... मी मागची पानं वाचली. मला लाज वाटली. खोडणार नाही, राहू देत.

एक गोष्ट कळली नाही. दुसऱ्या अंकात एका भाषणापुढे काकूंनी लिहिलंय, ‘साखळी: तुझ्या आईने या भिंतीला पाठ टेकून तीस उन्हाळे काढले.’ माझ्या एकोणीस आवाजांत साखळी नाही. काकूंकडून चुकून लिहिलं गेलं असणार.

३१ जानेवारी, शनिवार

‘पुसलेली फाइल परत आणता येते ना गं?’

‘येते. पुसली म्हणजे फक्त पाटी काढली, सामान आत तसंच असतं,’ कृतिका म्हणाली. ‘जोवर त्या जागेवर दुसरं काही लिहिलं जात नाही तोवर.’ मग थांबली. ‘आई, पुसल्यावर तू डीफ्रॅग केलंस.’

‘हो.’

‘म्हणजे सगळं सामान इकडचं तिकडे नेऊन त्याच मोकळ्या जागांवर रचलंस.’

तिने तीन तास प्रयत्न केला. व्यायामाची साडेतीन गाणी सापडली. बारशातला एक हात सापडला, पेढा धरलेला. बेल नाही.

तुच्छतेने बोलेल असं वाटलं होतं. बोलली नाही. ते जास्त लागलं.

मग म्हणाली, ‘तुला कशी वाजायची आठवतंय का? म्हणजे नेमकी?’

आठवत नव्हती. पण मी ही वही उघडली. नऊ जानेवारी. चार सेकंद दोन दशांश, आठ दशांश शांतता, अर्धं ट्रिंग. मी दोष म्हणून टिपलेलं. कृतिकाने वाचलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, ‘तू ना, खरंच भयंकर आहेस.’ हे कौतुक होतं असं धरून चालते.

आम्ही काळ्या फोनची दुसरी एक बेल शोधली आणि आकड्यांप्रमाणे ती बिघडवली. आयुष्यात पहिल्यांदा मी पास नमुना मुद्दाम नापास करत होते. ‘अर्धं ट्रिंग अजून छोटं,’ कृतिका म्हणायची. ‘नाही, ते थोडं घुसमटलेलं होतं,’ मी म्हणायचे.

शेवटी तिने पेनड्राइव्हच्या तोंडात डोकावून पाहिलं. ‘आत काय आहे हे? कुंकू?’ कापसाच्या काडीने, माझ्या लॅबमधल्या अल्कोहोलने, तिने चांगलं चिमूटभर सौभाग्य बाहेर काढलं. स्पीकरने पहिल्या फटक्यात ओळखला.

एकतीस टक्क्यांचा काहीही संबंध नव्हता. हे इथे स्वच्छ लिहून ठेवते.

३ फेब्रुवारी, मंगळवार

नवी जुनी बेल वाजवली. काकूंचा क्रोशा थांबला. काकांचं बोट मांडीवर: एक, दोन, तीन, अडखळ. मान हलली. रिसीव्हर उचलला.

‘नाही विकायचं मला. मी इथेच आहे. तुम्ही सावकाश या.’

प्रसंग संपल्यावर काका माझ्यापाशी आले. ‘आता वाजला बघ फोन. पण अर्धं ट्रिंग पातळ झालंय जरा.’

सलिल कुरकुरला, ‘विनिताताई, परत तोच घोळ?’

‘नवीन फाइल करप्ट झाली,’ मी म्हटलं. बिनदिक्कत. चव्वेचाळीस वर्षांत इतकं सफाईदार खोटं मी बोललेले नाही. रात्री झोप लागणार नाही असं वाटलं होतं, चांगली लागली. याचाही विचार करायला हवा.

२२ फेब्रुवारी, रविवार

सगळं क्रमाने लिहिते, नाहीतर उद्या मलाच खरं वाटणार नाही.

नेपथ्याच्या टेम्पोतून दुपारी ठाण्याला निघालो. शीळफाट्याला तासभर अडकलो. ऋतुराज अण्णांच्या आरामखुर्चीत बसून घोरत होता. माजिवड्याच्या पुढे नाट्यगृह. आमचाच स्पीकर त्यांच्या यंत्रणेला जोडला, रिमोट माझ्या हातात, काकूंना विंगेत माझ्याजवळ स्टूल दिलं.

पडद्यामागे पूजा. सलिल हळदकुंकवाचं ताट घेऊन पेनड्राइव्हकडे निघाला. मी पेनड्राइव्ह मुठीत धरला.

‘ताई, शास्त्र आहे ते!’

‘मला लाव. मीही ध्वनीविभागच आहे.’

त्याने माझ्या मुठीवर कुंकू सोडलं. पेनड्राइव्ह कोरडा राहिला.

पहिला अंक काकांनी खाल्ला. कुकरला हशा, बेलला शांतता. फोन अडखळला तेव्हा पुढच्या रांगेतल्या एका परीक्षकाने मान वर करून विंगेकडे पाहिलं आणि काहीतरी लिहिलं. लिही बाबा.

दुसरा अंक. बापलेकाचा शांत प्रसंग. ऋतुराज म्हणाला, ‘या भिंतींत आहे तरी काय, अण्णा?’ आणि काका बोलेनात.

मी घड्याळ पाहिलं. दोन सेकंद. काका भिंतीकडे बघत होते, मग दाराकडे, मग दाराच्या पलीकडे कुठेतरी. कान देऊन. कशाची तरी वाट पाहावी तसे. चार सेकंद. आणि तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. साखळी. मानपाड्याचा वॉचमन! रोज पावणेनऊला फाटक आपटणारा, ज्याच्यावर आम्ही महिनाभर ओरडलो. काकूंनी चुकीचं लिहिलं नव्हतं. आणि ठाण्याच्या या वातानुकूलित नाट्यगृहात साखळी आपटायला कोणीही नव्हतं.

सहा सेकंद. समोरच्या विंगेत सलिलने कपाळाला हात लावला. ऋतुराजने दंड फुगवला; त्याला दुसरं काही सुचत नसणार. शेजारी काकूंनी ओठांशी दोन बोटं नेली, आणि शिट्टी मारतात की काय असं वाटलं.

संहितेत नसलेला आवाज वाजवायचा नाही, हा माझा सहा वर्षांचा नियम. मी रिमोटवर चार दाबला.

फोन वाजला. तीन ट्रिंग, अडखळ, अर्धं ट्रिंग. काकांची मान हलली. भिंतीपासून फोनपर्यंत चालत गेले, एरवीपेक्षा हळू, रिसीव्हर उचलला.

‘नाही विकायचं मला. मी इथेच आहे.’ मग बराच वेळ थांबले. ‘तुम्ही सावकाश या.’

तीच तीन वाक्यं. पण पहिल्या अंकात ती बिल्डरला सांगितलेली होती. आता कोणाला, ते मला माहीत नाही. प्रेक्षकांत कोणी खोकलंसुद्धा नाही.

ऋतुराजने त्याच्या आयुष्यातलं पहिलं स्वतःचं वाक्य टाकलं. ‘कोणाचा फोन होता, अण्णा?’

काकांनी रिसीव्हर जागेवर ठेवला. ‘मघाचाच.’

अख्खं नाट्यगृह हसलं, आणि मग अचानक हसायचं थांबलं. मी लगेच पायलिंग वाजवलं, हरवलेलं भाषण ओलांडून, आणि गाडी रुळावर आली.

पडदा पडल्यावर काका घामाघूम होऊन विंगेत आले. काकूंनी टॉवेल दिला. काका माझ्याकडे बघून म्हणाले, ‘संचिता, दुसऱ्यांदा फोन कशाला वाजवलास गं? संहितेत एकदाच आहे.’

‘चुकून दाबला गेला, काका.’

‘सांभाळून. मी होतो म्हणून निभावलं.’

२६ फेब्रुवारी, गुरुवार

निकाल. अंतिम फेरीत गेलो. काकांना अभिनयाचं पहिलं.

परीक्षकांचा शेरा सलिलने संस्थेच्या व्हॉट्सअॅप गटात टाकला: ‘फोनच्या प्रसंगाची पुनरावृत्ती ही लेखक-दिग्दर्शकाची धाडसी कल्पना. मात्र ध्वनीविभाग ढिसाळ. बेल दोन्ही वेळा सदोष वाजली. गुण वजा.’

सलिलचा फोन आला. ‘पुनरावृत्ती माझ्या डोक्यात आधीपासून होतीच, ताई. तुम्ही बरोबर पकडलंत. आता संहितेतच टाकतो. फक्त अंतिम फेरीच्या, म्हणजे पंधरा मार्चच्या आत ती बेल नीट करा. आणि पेनड्राइव्ह एकदा डीफ्रॅग कराच.’

‘केला,’ मी म्हटलं. हे तर खरंच होतं.

काकूंना विचारलं, अंतिम फेरीचं काय?  म्हणाल्या, ‘बक्षीस उशाशी घेऊन झोपलेत. सकाळी उठून विचारलं, हे कोणाचं. सांगितलं तर परत तेवढेच खूश झाले. एकदा अजून करू दे.’

१ मार्च, रविवार

पावणेनऊला मानपाड्याला गेले. कृतिका मोबाइल धरून उभी राहिली. वॉचमनला सांगितलं, रोज आपटता तशी साखळी आपटा.

‘रोज? मॅडम, मी हळू लावतो हो फाटक.’

‘आज हळू नको.’

त्याने जी आपटली ती कल्याणपर्यंत गेली असेल. कृतिका म्हणाली, ओव्हरअॅक्टिंग. दुसऱ्यांदा घेतली, तेव्हा त्याने आधी ‘आवाज, चालू!’ असं स्वतःच म्हटलं. तिसऱ्यांदा तो वैतागलेला होता, आणि अगदी बरोबर आली.

नवा पेनड्राइव्ह घेतला आहे. त्याच्या दोन प्रती, एक काकूंकडे. झाकणासकट, कुंकवाच्या पोचेबाहेर. त्यात आता वीस आवाज आहेत. लॅबच्या पद्धतीने नोंद करून ठेवते, माझ्यानंतर कोणी ध्वनी सांभाळायला आलं तर त्याच्यासाठी:

क्रमांक वीस: शाळेच्या फाटकाची साखळी. वैतागून.

क्रमांक चार: फोन. तिसऱ्या ट्रिंगनंतर अडखळतो. तपासणी पूर्ण. पास.